विज्ञानपट पाहून वैद्यकीय प्रश्नांवर मत बनवावं का? आणि लेखक कोण आहे याने खरंच फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि तुमचा रूममेट प्रत्येक वादात कुठल्या ना कुठल्या विज्ञानपटाचा दाखला देतो. अवयवदान निघालं की सिनेमा, जनुकांचा विषय निघाला की सिनेमा. वर "जरा वेगळ्या लोकांनी लिहिलेलं वाच" हा उपदेश आहेच. यात काही अर्थ आहे की नुसती हवा, हा तुमचा प्रश्न.

मी डॉक्टर नाही. सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे, सव्वीस वर्षं झाली. पेशंट मला "सिस्टर" म्हणतात. पांढरा कोट घातलेली कुठलीही बाई सिस्टर असते, मी दुरुस्त करायचं केव्हाच सोडून दिलं. सिनेमे पाहायला लागले ते नाइट ड्यूटीमुळे. रात्री दोननंतर सेंट्रिफ्यूजही गप्प असतं, आणि मुलाने मोबाइलवर भरून दिलेले इंग्रजी सिनेमे तेवढे जागं ठेवतात. म्हणजे माझी मतं स्टुलावर बसून, एक कान कॅज्युअल्टीकडे ठेवून झालेली आहेत. त्या हिशेबाने वाचा.

रूममेटच्या यादीत 'गॅटाका' असणारच. 1997 चा सिनेमा. जन्माआधीच जनुकं निवडून घेतलेली मुलं एकीकडे, नैसर्गिकपणे झालेली दुसरीकडे, आणि दुसऱ्या गटातला व्हिन्सेंट खोटी ओळख घेऊन अंतराळयात्रेच्या नोकरीत शिरतो. सगळे त्यातल्या दोन भावांच्या पोहण्याच्या शर्यतीबद्दल बोलतात. मी पाहिला तो लघवी तपासणाऱ्या लामारसाठी. व्हिन्सेंट दुसऱ्याची लघवी पिशवीत भरून मांडीला बांधून आणतो, बोटाला खोटं टोक लावून त्यात दुसऱ्याचं रक्त ठेवतो. लामार रोज समोर उभा राहून सॅम्पल घेतो, गप्पा मारतो. शेवटी यानात चढायच्या आधी अचानक तपासणी निघते आणि व्हिन्सेंटकडे पिशवी नसते. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढची दोन वाक्यं गाळावीत.) लामार म्हणतो की उजवा माणूस डाव्या हाताने धरत नाही, म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि तो रिपोर्ट बदलून त्याला आत सोडतो.

त्या रात्री मी मोबाइल बाजूला ठेवला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. सव्वीस वर्षांत सिनेमाने माझ्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला एकदाच माणूस म्हणून दाखवलंय, तो हा. बाकी सगळीकडे आम्ही म्हणजे दार उघडून "डॉक्टर, रिपोर्ट आले" म्हणणारा हात.

आता यातलं विज्ञान किती खरं, यावर तुम्ही दोघं रात्रभर भांडा. मला तो सिनेमा खोटा वाटला नाही, कारण त्यातला निम्मा मी धडगावला पाहिला होता. 2010 च्या सुमारास माझी बदली नंदुरबार जिल्ह्यात झाली. सातपुड्याच्या त्या पट्ट्यात सिकलसेल पुष्कळ, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. आम्ही आश्रमशाळांत आणि पाड्यांवर शिबिरं घ्यायचो. तुम्ही पॅथॉलॉजीत शिकतच असाल, पण प्रत्यक्ष कसं दिसतं ते सांगते. बोटाला टोचून थेंबभर रक्त नळीतल्या द्रावणात टाकायचं, थोडं थांबायचं, आणि नळीच्या मागे काळ्या रेघा मारलेला कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. मग ते सॅम्पल इलेक्ट्रोफोरेसिसला (विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासणीला) जातं, आणि तिथे कळतं की मूल नुसतं वाहक आहे, म्हणजे स्वतः बरं पण दोष पुढच्या पिढीला देऊ शकणारं, की आजारी. पोरं रांगेतून वाकून बघायची, "मॅडम, माझ्या रेघा दिसतात का?" त्यांना तो खेळ वाटायचा.

निकालानंतर कार्ड मिळायचं. हेतू सरळ होता. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक, म्हणून लग्नाआधी दोघांची कार्डं बघा. पत्रिका बघता तसं, असंच आम्ही समजावायचो, आणि समजावताना स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटायचं.

मग एक बाप आला. मुलगी सतरा-अठराची, मागे भिंतीला टेकून उभी. तो पावरी बोलत होता, आशाताई (गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या) मराठीत सांगत होत्या. मुलगी वाहक. तिला काहीही त्रास नव्हता, आयुष्यात बहुधा होणारही नव्हता. पण सोयरीक ठरलेली, आणि मुलाकडच्यांनी कार्ड बघून देज कमी करायला सांगितलं होतं. त्या भागात मुलाकडचे मुलीच्या बापाला देज देतात. मी विचारलं, "मुलाचं कार्ड कुठंय?" आशाताईंनी विचारलं, उत्तर आलं, आशाताई माझ्याकडे बघून हसल्या. नीट हसू नव्हतं ते. "म्हणतात, मुलग्याला कशाला टोचायचं?"

गॅटाकात जनुकांवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी आहे, फक्त तो कायदा कुणी पाळत नाही. बघताना ते वाक्य इतकं चटकन येऊन जातं की लक्षात राहत नाही. माझ्या राहिलं. आमच्या कार्डावरही कुठे लिहिलेलं नव्हतं की वाहक मुलीची किंमत कमी करा. मी अजूनही तपासणीच्या बाजूची आहे, कार्डाच्याही. 2023 पासून देशात सिकलसेलचं मिशन चालू झालंय, 2047 पर्यंत हा आजार संपवायचं उद्दिष्ट आहे, तपासणीशिवाय ते होणार नाही. पण कार्ड छापणाऱ्याने गावात ते कोण कुणाला दाखवायला लावतं हेही बघावं, एवढं मत माझं त्या बापाने आणि त्या सिनेमाने मिळून बनवलं. कुणा एकाने नाही.

(जाता जाता: याच सिकलसेलवर जनुक कापून दुरुस्त करायचा उपचार आलाय. कॅसजेव्ही. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने मंजुरी दिली, डिसेंबरमध्ये अमेरिकेने. पेशंटच्या मूळ पेशी (स्टेम सेल) बाहेर काढायच्या, त्यात बदल करायचा, केमो देऊन जुनी मज्जा रिकामी करायची आणि बदललेल्या पेशी परत सोडायच्या. अमेरिकेतली तेव्हाची किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांच्या घरात. विज्ञानकथेतलं विज्ञान खरं झालं, मला मनापासून आनंद झाला. मी होते तिथे सिकलसेलवरच्या साध्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या महिनोन्‌महिने यायच्या नाहीत.)

अवयवांकडे येते, कारण तुमच्या रूममेटचा तो आवडता विषय दिसतो.

2005 साली एकाच कल्पनेवर दोन गोष्टी आल्या. श्रीमंतांच्या किंवा समाजाच्या सोयीसाठी माणसांच्या प्रती वाढवायच्या आणि वेळ आली की अवयव काढून घ्यायचे. 'द आयलंड' हा हॉलिवूडपट, त्यात नायकाला सत्य कळतं आणि तो नायिकेला घेऊन पळतो. मग गाड्या, स्फोट, हेलिकॉप्टर. दुसरी गोष्ट काझुओ इशिगुरो यांची 'नेव्हर लेट मी गो' ही कादंबरी. नागासाकीत जन्मलेले, पाचव्या वर्षी इंग्लंडला आलेले, 2017 चे नोबेलवाले. तिच्यावरचा सिनेमा 2010 मध्ये आला. त्यात कुणीच पळत नाही. तिथली मुलं छानशा शाळेत वाढतात, मोठी होतात, तीन-चार दानं देतात आणि संपतात. त्यांच्या भाषेत मरण नाहीच, "पूर्ण होणं" आहे.

मुलगा म्हणाला, "आई, हा काय मूर्खपणा? कुंपण नाही, पोलीस नाही, पळत का नाहीत?"

मी त्याला म्हटलं, तू एक दिवस माझ्या खिडकीशी येऊन बस. केसपेपर काढा म्हटलं की काढतात. खोली नंबर सात म्हटलं की सातकडे जातात, सात बंद असेल तर बंद दारासमोर बसतात. इथे सही करा म्हटलं की करतात. शर्टाची बाही आम्ही सांगायच्या आधीच वर केलेली असते. कुंपण कशाला लागतं? द आयलंड मला करमणूक म्हणून आवडला, दोनदा पाहिला, पण दवाखाना ओळखलाय तो इशिगुरोंनी.

याच विषयावर आपल्याकडे मंजुळा पद्मनाभन यांचं 'हार्वेस्ट' हे इंग्रजी नाटक आहे. त्याला 1997 मध्ये ग्रीसचा ओनासिस पुरस्कार मिळाला, आणि गोविंद निहलानींनी त्यावर 'देहम' हा सिनेमा केला. मुंबईतल्या एका खोलीत राहणारा, नोकरी गेलेला ओम आपल्या शरीराचा करार परदेशी गिऱ्हाइकाशी करतो. बदल्यात घरात चांगलं जेवण येतं, संडास येतो, आणि छताला लटकणाऱ्या यंत्रातून ती परदेशी बाई घरातल्यांची विचारपूस करत राहते. किती गोड बोलते! शिंकलं तरी काळजी. खरं तर ती आपल्या मालाची काळजी घेत असते. नाटक 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानंतरचं आहे. त्या कायद्याने विक्रीला बंदी घातली, जवळचे नातेवाईक सोडून दुसऱ्या कुणी द्यायचं तर समितीची परवानगी ठेवली. पद्मनाभन यांना कायदा ठाऊक असणार, तरी त्यांनी प्रश्न विचारला: घरात खायला नसेल तेव्हा "स्वेच्छेने" या शब्दात काय उरतं? ओमची बायको जया शेवटी एकटी दार लावून बसते आणि नाही म्हणते. त्या "नाही"कडे परत येते.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. लेखक कोण याने काय फरक पडतो? तुम्ही थोडं चिडून विचारलंय असं वाटलं. माझाही सुरुवातीला हाच सूर होता. गोष्ट चांगली की वाईट, एवढं पुरे. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती आपली आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे नाव बघून कुणी बक्षीस देऊ नये. बक्षीस मिळालंच. मला हा किस्सा फार आवडतो आणि मी तो तुमच्या रूममेटसारख्या लोकांच्या तोंडावर मारायचे.

माझं मत फिरवलं ऑक्टेव्हिया बटलर यांनी. कॅलिफोर्नियातली कृष्णवर्णीय बाई, जन्म 1947, आई लोकांच्या घरी कामं करायची. त्यांच्या 'डॉन' (Dawn, म्हणजे पहाट) या 1987 च्या कादंबरीत पृथ्वीवर अणुयुद्ध झालंय, परग्रहावरच्या जिवांनी उरलेली माणसं वाचवून आपल्या यानात झोपवून ठेवलीत. लिलिथ नावाची नायिका जागी होते आणि तिच्या पोटावर शस्त्रक्रियेचा व्रण असतो. कुणी केली, का केली, काही माहीत नाही. पुढे कळतं की तिला कॅन्सर होता आणि तो त्यांनी काढून टाकला. म्हणजे जीव वाचवला. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर पुढची वीस पानं यंत्राच्या वर्णनात गेली असती, कॅन्सर कसा काढला, कसले किरण वापरले. बटलर व्रणापाशीच थांबतात. मला न विचारता? एवढाच प्रश्न, पण तो पुस्तकभर पुरतो.

हा प्रश्न तिथेच का सुचतो, ते अमेरिकेचा इतिहास वाचला की कळतं. अलाबामातल्या टस्कीगीत 1932 पासून 399 कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस नुसता "पाहत" ठेवला होता. पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. 1972 मध्ये बातमी फुटली तेव्हा थांबलं. बटलर तेव्हा पंचविशीत होत्या. ज्या लेखकाच्या आजूबाजूची माणसं सुईच्या टोकाकडे उभी राहिली आहेत, त्याला दवाखाना वेगळा दिसतो. नारळीकर आकाशाबद्दल लिहीत होते, तिथे उलटं नाव चाललं. शरीराबद्दल लिहिताना चालेल असं मला आता वाटत नाही.

आणि हे फक्त अमेरिकेचं नाही. मी धडगावला होते त्याच काळात खम्मम आणि वडोदरा या जिल्ह्यांत हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची एचपीव्ही लस प्रकल्प म्हणून दिली जात होती. त्यातल्या सात मुली वारल्या आणि एप्रिल 2010 मध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध निघाला नाही. पण दुसरंच निघालं: बऱ्याच मुलींच्या संमतीपत्रावर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनची नाहीतर मुख्याध्यापकांची सही होती. लस चांगली होती हो. आजही चांगली आहे. पुण्याच्या सीरमची सर्व्हावॅक 2023 मध्ये बाजारात आली तेव्हा मी माझ्या मुलीला पहिल्या महिन्यात नेऊन दिली, पदरचे पैसे भरून. पण मधली कितीतरी वर्षं नुसतं "एचपीव्ही" म्हटलं की लोकांना त्या सात मुली आठवायच्या. न विचारता केलेल्या चांगल्या गोष्टीचं असं होतं, आणि भुर्दंड पडतो तो ज्यांना लस मिळाली नाही त्यांना.

तुमच्या रूममेटला एका बाबतीत मात्र आवरा. करोनावरून वाद झाला की तो 2011 चा 'कंटेजन' काढत असेल. चांगला सिनेमा आहे, त्यातला फॉर्सिथियाचं औषध विकणारा ब्लॉगवाला तर आपल्या व्हॉट्सॲपवरून उचलल्यासारखा वाटतो. पण तो सिनेमा लबाड आणि प्रामाणिक अशी सरळ वाटणी करतो. आमच्याकडे एप्रिल-मे 2021 मध्ये लबाड कुणी नव्हतं. लोक खिडकीशी येऊन विचारायचे, "सीटी व्हॅल्यू किती? स्कोअर पंचवीसपैकी किती?" आणि पाठोपाठ प्लाझ्मा, म्हणजे बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव. ज्या प्लाझ्मासाठी पोरं रात्री-अपरात्री मोटरसायकलवर जिल्हा पालथा घालत होती, त्याचा उपयोग होत नाही हे भारतातल्याच 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर झालेल्या अभ्यासाने आदल्या ऑक्टोबरातच छापून सांगितलं होतं. मार्गदर्शक सूचनांतून तो वगळला गेला मे 2021 मध्ये. मधले महिने चिठ्ठ्या लिहिणारे डॉक्टर चांगलेच होते. नातेवाईक समोर उभा आहे, "काहीतरी करा" म्हणतोय, आणि "काही करण्यासारखं नाही" हे वाक्य तोंडातून निघत नाही. हा प्रसंग अजून कुठल्या विज्ञानपटात नीट पाहिला नाही मी. बघितला असेल कुणी तर सांगा.

वेड्या शास्त्रज्ञांचे, मेंदू दहाच टक्के वापरतो म्हणणारे, रक्ताच्या एका थेंबातून रात्रीत उतारा बनवणारे सिनेमे मी वादात धरत नाही. पॉपकॉर्नबरोबर बघावेत.

आता माझं स्वतःचं. 2017 च्या कायद्याने एचआयव्हीची तपासणी करायची तर समजावून सांगून संमती घ्यावी लागते. मला माहीत होतं. ट्रेनिंगही झालं होतं. पण ऑपरेशनआधीच्या तपासण्यांच्या गठ्ठ्यात ती असायचीच, सकाळी साठ-सत्तर पेशंट, आणि मी एका हाताने शाईचा पॅड पुढे सरकवत असे. एका बाईंनी अंगठा उचलता उचलता विचारलं, "हे कशाचं हो सिस्टर?" मी म्हटलं, "ऑपरेशनचं आहे, लावा." त्यांनी लावला. निकाल निगेटिव्ह आला, कुणाचं काही बिघडलं नाही, कुणी तक्रार केली नाही. डॉन वाचलं त्यानंतर वर्षभराने, आणि त्या व्रणाच्या पानावर मला त्या बाईंचा निळा अंगठा आठवला.

तेव्हापासून सांगते. कसली तपासणी, कशासाठी, निकाल कुणाला कळेल. माणशी तीन-चार मिनिटं जातात. मागची रांग कुरकुरते, डॉक्टरांचा फोन येतो की सॅम्पल कुठे अडकली. बहुतेक पेशंट ऐकून घेतात आणि "बरं" म्हणून अंगठा लावतात, म्हणजे फरक काहीच पडत नाही असं माझी सहकारी म्हणते, आणि तिला चोख उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

गेल्या महिन्यात मोतीबिंदूच्या एका आजींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अन् नको म्हटलं तर?" मी म्हटलं, तर ही तपासणी करणार नाही, बाकीच्या करू. ऑपरेशन अडेल का, म्हणाल्या. मला खात्री नव्हती. उठून डॉक्टरांना विचारून आले. ते आधी वैतागले, मग म्हणाले, नाही अडणार, करू. आजी म्हणाल्या, "मग नको."

मी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. नकाराला रकाना नव्हता. शेवटी समासात लिहिलं, "समजावून सांगितले, रुग्णाने नकार दिला", आणि त्याच्याखाली त्यांचा अंगठा घेतला.